चार हजार दोनशे नव्व्याण्णव फेऱ्या

हुबळी,
शनिवार, २८ ऑगस्ट २००४

ती. स्व. सुलभाअक्कास,

धाकट्या पद्मनाभाचा दोन्ही हात जोडून नमस्कार (आत्ता एका हातात पेन आहे, पण जोडल्याचं धरून चाल). इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खुशाल नाही, पण ते पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? सांगलीच्या डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून बजावलंय आणि तुझा देव्हारा माडीवर, हे वाचून काळजी वाटली. एक तर देवांना खाली आण, नाहीतर डॉक्टरांना एकदा माडीवर ने, म्हणजे त्यांना कळेल की जिना फक्त अकरा पायऱ्यांचा आहे. तेल मात्र कोमट करून लाव. उकळतं लावू नकोस. मागच्या वेळी लावलं होतंस.

आता मुद्दा. आमच्या पोरीचं, उत्तराचं, ठरत आलेलं लग्न मोडायच्या बेतात आहे, आणि ते मोडणारा मनुष्य दुसरा कोणी नसून मी आहे. तुला ठाऊकच आहे, धारवाडच्या भीमसेनाचा मुलगा अनिश, बेंगळुरूला काँप्युटरच्या कंपनीत असतो, त्याची आणि आपल्या उत्तराची पत्रिका ज्येष्ठात जुळली. दोघं एकमेकांशी बोलली. उत्तरा घरी येऊन काही म्हणाली नाही, पण दोन दिवस माझ्या चहात साखर बरोबर पडत होती, त्यावरून मी काय ते ओळखलं. यंदा अधिक श्रावण आला म्हणून बोलणी पुढे ढकलली. आणि गेल्या आठवड्यात भीमसेनाची चिठ्ठी आली : ‘चि. अनिशची पत्रिका परत पाठवावी. भीमसेन.’ सही धरून सहा शब्द. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही. पत्रिका परत मागणं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. ती पत्रिका माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या नकाशांच्या पुस्तकाखाली आहे. मी उलट निरोप पाठवला की शोधतोय. (आठ दिवस शोधतोय. खण एकच आहे.)

हे असं का झालं ते सांगायचं तर आपल्या वधूवर मंडळाचं सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर काँप्युटरचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सहा महिन्यांचा काँप्युटरचा वर्ग केला, हे तुला कळवलं होतं (तेव्हा तू ‘आता कशाला’ एवढंच उत्तर लिहिलं होतंस). तेहेतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला काही अवघड नसतं या समजुतीवर मी मंडळासाठी स्थळं शोधायचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. व्यवस्था अशी. सगळ्या मुलामुलींची माहिती धारवाडला, मंडळाच्या मुख्य ऑफिसातल्या एका मोठ्या यंत्रात ठेवलेली. त्याला सर्व्हर म्हणतात, आणि त्याची निगा भीमसेनाकडे. आमच्याकडे हुबळीला, लॅमिंग्टन रोडवरच्या माडीवरल्या खोलीत, एक साधं यंत्र. ते टेलिफोनच्या तारेवरून धारवाडला प्रश्न विचारतं आणि उत्तर घेऊन येतं. विचारणाऱ्या यंत्राला क्लायंट म्हणतात. म्हणजे देणारे धारवाडकर आणि मागणारे आम्ही. हे नाव मला पहिल्या दिवसापासून खटकलं होतं. हुबळीच्या माणसाला धारवाडच्या दारात उभं करायची ही जुनीच खोड आहे, फक्त आता ती इंग्रजीत आली.

आणि हा शोध इतका सावकाश चालायचा, अक्का, की काय सांगू. एका मुलीची माहिती घालून बटण दाबलं की योग्य स्थळांची यादी यायला बावीस मिनिटं. बावीस! आईबाप बाकावर बसून राहायचे. कलघटगीच्या यमुनाबाई आल्या होत्या, त्यांच्या यजमानांनी त्यांना इथं बसवलं, स्वतः अमरगोळच्या बाजारात मिरची घेऊन गेले, ती विकून, जेवून परत आले, तरी यमुनाबाई बाकावरच. मधे चार वेळा यादी निघता निघता तार तुटली होती, म्हणून मी दर वेळी पुन्हा पहिल्यापासून लावली होती. त्यांची कलघटगीची बस दोनदा गेली. ‘येन्री मास्तर, मुलगा तिकडं तयार होऊ लागलाय का काय?’ असं त्यांनी विचारलं, आणि बाकावरची पाच माणसं हसली. मी हसलो नाही. माझ्या प्रोग्रॅमला पाच माणसं हसली, ते मला लागलं.

तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलं की दोष सर्व्हरचा. म्हणजे धारवाडचा. म्हणजे भीमसेनाचा. हा मनुष्य दुपारी जेवून झोपतो, यंत्राला वारा घालत नाही, त्याच्यावरची धूळ झाडत नाही, असं मी गृहीत धरलं (नंतर कळलं, तो दर सोमवारी धूळ झाडतो). मी मंडळाच्या अध्यक्ष अंबूताईंना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही म्हणून दुसरं लिहिलं. अशी चौदा पत्रं झाली, आणि त्यांतली नऊ ऐन अधिक महिन्यात. लोक अधिकात जावयाला अनारसे देतात, मी होऊ घातलेल्या जावयाच्या बापाविरुद्ध तक्रारी दिल्या. संस्थेचं काम वेगळं आणि सोयरीक वेगळी, असं मी उत्तराला ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, ‘बाबा, प्रोग्रॅम मला एकदा बघू दे की.’ ती इथल्या एका वर्गात काँप्युटरच शिकवते, पण घरातल्या मुलीकडून वही तपासून घ्यायची म्हणजे जरा विचित्रच. मी नाही म्हटलं.

अनिशचा एकदा फोन आला होता. मुलगा फार सभ्य. बापाबद्दल मी काय लिहितोय हे त्याला ठाऊक असणार, पण अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाला, ‘काका, तुमच्याच यंत्रावर एक सोय आहे, प्रश्न कसा गेला, उत्तर कसं आलं, कुठं किती वेळ मोडला, याची सगळी आकडेवारी मांडून दाखवते. क्लायंटच्या बाजूची आकडेवारी म्हणतात. एकदा चालू करून बघा. आणि एका वेळेवर जाऊ नका, चारदोनदा करा, ती सरासरीही काढते.’ मला एकदम उत्साह आला. पुरावा! आकड्यांत! मी चारदोनदा नाही, नऊ वेळा लावली. दर वेळी उत्तराचीच माहिती घालून, कारण तेवढी एकच मला पाठ आहे. आलेल्या सरासरीच्या तक्त्यात तीन ओळी मी लाल पेनाने अधोरेखित केल्या. एकूण वेळ : तेराशे पाच सेकंद. त्यांतला आमच्या यंत्राचा स्वतःच्या कामाचा वेळ : पंधरा सेकंद. आणि सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात गेलेला वेळ : बाराशे नव्वद सेकंद! अक्का, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा सेकंद हुबळी आणि बाराशे नव्वद सेकंद धारवाड. मी वीस झेरॉक्स काढल्या.

मंडळाची मासिक सभा धारवाडला होती. मी प्रत्येकाच्या हातात एक झेरॉक्स दिली आणि उभा राहून बोललो. चांगला बोललो, असं मला तेव्हा वाटलं. भीमसेन शेवटच्या खुर्चीत बसला होता. त्याने कागद शेवटपर्यंत वाचला, घडी केली, खिशात ठेवला. मग उठून सर्व्हरच्या खोलीची किल्ली अंबूताईंच्या टेबलावर ठेवली आणि चपला घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी ती सहा शब्दांची चिठ्ठी आली.

त्यानंतर दोन दिवसांनी उत्तराने उरलेली एक झेरॉक्स जेवणाच्या टेबलावर बघितली (मी ती तिथं विसरलो नव्हतो, तिने कौतुक करावं म्हणून ठेवली होती). तिने आमटी वाढता वाढता माझ्या लाल रेघांच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ मी पाहिली होती, पण क्षुल्लक समजून सोडली होती. सर्व्हरकडे झालेल्या फेऱ्या : चार हजार दोनशे नव्व्याण्णव. ती म्हणाली, ‘बाबा, बाराशे नव्वदला ह्यानं भागा.’ मी भागलं. हुबळीच्या पोरांना भूगोल शिकवला असला तरी भागाकार मला येतो. एका फेरीला सेकंदाचे दहा भाग केले तर त्यांतले तीन. ‘एवढ्यात भीमसेनकाकांचं यंत्र प्रश्न ऐकतं, उत्तर शोधतं आणि तारेवरून हुबळीला पाठवतं,’ ती म्हणाली, ‘आणि त्यातही बराचसा वेळ तारेचाच. आता सांगा, झोपलंय कोण?’ वाट बघण्याचा वेळ जास्त होता तो उत्तर देणारा सुस्त म्हणून नव्हे, विचारणारा चार हजार वेळा दार वाजवत होता म्हणून. आमटी निवून गेली. मी जेवलो नाही.

आता तू विचारशील, एवढ्या फेऱ्या कशाच्या? तर ऐक, आणि ऐकून मला हसू नकोस, कारण ह्यात अर्धा वाटा आपल्या अप्पांच्या शिकवणीचा आहे. अप्पा स्थळ बघायला जात तेव्हा कधी सगळं एकदम विचारत नसत. आधी गोत्र. मग पाणी पिणं. मग नक्षत्र. मग पावसापाण्याचं. मग मंगळ आहे का, तेही दुसरीकडे बघून. एका दमात सात प्रश्न विचारणं म्हणजे पोलिसांचं काम, असं ते म्हणत. मी प्रोग्रॅम लिहिला तो ह्याच रीतीने. मंडळाच्या यादीत मुलगे सहाशे चौदा. प्रत्येकाबद्दल माझं यंत्र आधी गोत्र विचारायला धारवाडला जाई, उत्तर घेऊन हुबळीला येई, मग नक्षत्र विचारायला पुन्हा जाई, मग मंगळ, मग वय, उंची, शिक्षण, नोकरी. सात-सात खेपा. बरं, पहिल्याच उत्तरात मुलगा सगोत्र निघाला तर तिथं थांबावं की नाही? तर मी थांबत नव्हतो. सगोत्र निघाला म्हणून लगेच उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून बाकीच्या सहा गोष्टींची विचारपूस करूनच माझा प्रोग्रॅम निरोप घेई. सहाशे चौदा साती किती झाले ते कर. बेचाळीसशे अठ्ठ्याण्णव. उरलेली एक फेरी कुठली हे उत्तरालाही कळेना. ती सगळ्यात आधीची. सर्व्हर ठीक आहे ना, एवढं विचारून यायची. क्षेमकुशलाशिवाय बोलणं कसं सुरू करायचं?

उत्तरा हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे मला सांगितलं की सातही अटी एकाच प्रश्नात घालून पाठवता येतात, आणि निवडानिवड सर्व्हरच्या घरीच होऊन फक्त जुळणारी नावं परत येतात. दोन संध्याकाळी बसून तिच्या सांगण्याप्रमाणे मी सगळं बदललं. क्षेमकुशलाची फेरी मात्र काढू दिली नाही. मग बटण दाबलं, आणि अक्का, मी खुर्चीत नीट टेकतोय तोवर यादी समोर. चार सेकंद. दोन फेऱ्या. नऊ नावं. पण तक्त्यात सरासरी बघतो तर एकोणीस मिनिटं पस्तीस सेकंद! मला वाटलं गेलं सगळं पाण्यात. मी उत्तराला हाका मारल्या. ती म्हणाली, जुन्या नऊ वेळांची बेरीज त्यात अजून धरलेली आहे, ती पुसून पहिल्यापासून मोजायला वेगळी आज्ञा द्यावी लागते, आपोआप पुसली जात नाही. ती आज्ञा मी दिली. हल्ली यमुनाबाईंसारख्या बायका चार सेकंदांत आलेल्या यादीकडे संशयाने बघतात आणि ‘मास्तर, नीट बघितलंत न्हवं?’ म्हणून पुन्हा लावायला लावतात, तो भाग वेगळा.

पण खरी गोष्ट ही की त्या नऊ नावांत तिसरं नाव अनिशचं होतं. आधीच्या नऊ वेळाही होतं. यंत्राला मी दहा वेळा विचारलं, रीतीने विचारलं, बेरीतीने विचारलं, दहाही वेळा त्याने तेच नाव दिलं. आणि त्या मुलाची पत्रिका मी खणात दडवून बसलोय. मला फार लाज वाटते, अक्का. चारचौघांत एका माणसाच्या हातून मी किल्ली ठेववली, आणि चूक माझी होती. परवा मी धारवाडची बस पकडली, माळमड्डीत उतरून त्याच्या फाटकापर्यंत गेलो. आत तो तुळशीला पाणी घालत होता. काय म्हणायचं ते सबंध वाटेत तयार केलं होतं, फाटकाला हात लावताक्षणी एक शब्द आठवेना. तसाच परत आलो. उत्तराला सांगितलं, अंबूताईंकडे गेलो होतो. ती फक्त ‘बरं’ म्हणाली. तिच्या ह्या ‘बरं’ने मी अर्धा झालोय. ती भांडत नाही, रडत नाही, चहा वेळेवर देते, आणि अनिशचा फोन हल्ली येत नाही.

बाकी ठीक. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, गुडघ्याला शेक.

तुझा,
पद्मनाभ

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. हे पत्र खरं तर तुला नाही. भीमसेनाला मी चार पत्रं लिहायला घेतली. पहिल्या परिच्छेदात क्षमा, आणि दुसऱ्यापर्यंत पोचेतो मी पुन्हा सभेतल्यासारखा बोलू लागतो. चारही फाडली. तुला लिहिताना मात्र खरं लिहिता येतं, लहानपणापासूनचं आहे. तेव्हा कृपा करून हे एका नव्या पाकिटात घाल, वर तुझ्या अक्षरात त्याचा पत्ता लिही आणि सांगलीहून धारवाडला पाठव. माझं अक्षर बघून तो पाकीट फोडणार नाही. तुझ्या यजमानांकडे तो दोन वर्षं शिकलाय, तुझं फोडेल.

ता. क. दुसरा : त्याच्या दुपारच्या झोपेबद्दल लिहिलंय तेवढं काळ्या शाईने खोड. किंवा नको, राहू दे. सगळंच वाचू दे.

ता. क. तिसरा : ज्या वीस जणांना झेरॉक्स दिली त्यांना खरं काय ते मी स्वतः पुढच्या सभेत उभा राहून सांगणार आहे. (एकोणीस जणांना. विसावी घरी आहे.)

ता. क. शेवटचा : तरीपण, एका फेरीला सेकंदाचे तीन दशांश म्हणजे काही अगदीच थोडे नव्हेत, हेही भीमसेनाने शांतपणे विचारात घ्यावं.

सोमवार, ३० ऑगस्ट

आत्या, नमस्कार. इथून पुढचं अक्षर माझं, उत्तराचं. तुझ्या हातात आहे ती बाबांच्या पत्राची झेरॉक्स. बाबांनी शनिवारी पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आणि चिकटवायचं विसरले, म्हणून मी वाचलं. (चिकटवलं असतं तरी वाचलं असतं.) वाचून झाल्यावर मला वाटलं, वीस किलोमीटरवरच्या माणसाला सांगलीवरून कशाला सांगायचं? काल रविवारी मूळ पत्र घेऊन मीच धारवाडला गेले.

भीमसेनकाकांनी पायरीवर उभ्या-उभ्या वाचलं. दोनदा हसले. फाटकाच्या मजकुरापाशी आले तेव्हा चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. शेवटचा ताजाकलम वाचून कानडीत पुटपुटले की हा प्राणी काही सुधारायचा नाही. अनिश सांगतो, काका रागात असले की मराठीतच बोलतात, कानडीत आले म्हणजे निवळले. मग म्हणाले, ‘चिठ्ठी मी रागातच लिहिली होती बघ. लिहून झाल्यावर वाटलं, ह्यानं पत्रिका परत पाठवूच नये.’ आत गेले, शर्ट घालून आले आणि माझ्याबरोबर बसमध्ये चढले.

दार बाबांनीच उघडलं. काका म्हणाले, ‘पत्रिकेसाठी आलोय.’ पत्राचं आम्ही दोघांनीही काही काढलं नाही. बाबांचा चेहरा मला बघवेना. ते खणाशी गेले, पुस्तकाखालून पत्रिका काढली आणि दोन्ही हातांनी काकांना दिली. म्हणाले, ‘भीमसेना, माझं चुकलं. यंत्र तुझं ठीक होतं.’ काकांनी खिशातून माझी पत्रिका काढली, अनिशच्या पत्रिकेवर ठेवली, दोन्हींची मिळून एक घडी केली आणि म्हणाले, ‘मुहूर्ताला दोन्ही एकदमच देऊ गुरुजींकडं.’

मग बाबा स्वतः आत जाऊन चहा करून घेऊन आले. त्यात साखर घालायची राहिली होती. दोघांनीही तो सबंध प्यायला, आणि काकांनी अर्धा कप आणखी मागितला.